एक सीट सातपूर

शेजारच्या सीटवर डबा ठेवला
की गाडी टिंग टिंग करायची.
तिला वाटायचं कुणीतरी बसलंय, पट्टा न लावता.
चार दिवस सहन केलं,
पाचव्या दिवशी डब्याला पट्टा बांधला.
मग चार वर्षं
मी आणि माझा डबा
मायको सर्कलला लाल दिव्यापाशी थांबून
आजूबाजूच्या काचांतून बघत असू :
एकेक माणूस, एकेक स्टिअरिंग.
एकाच्या शेजारी लॅपटॉपची बॅग होती,
तीही बांधलेली.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

फेब्रुवारीत क्लच प्लेट गेली.
वडाळा नाक्याचा मुनाफ म्हणाला,
पार्ट यायला आठ दिवस.

सीबीएसच्या कोपऱ्यावर रिक्षा उभी
आणि दांडीला लटकून एक किडकिडीत माणूस ओरडतोय,
"एक सीट सातपूर, एक सीट, एक सीट."
मी बसलो.
तो ओरडतच राहिला.
म्हटलं, झाली ना तुमची एक सीट?
"अजून एक, साहेब," तो म्हणाला,
"नेहमीच अजून एक."

चीड आली, खोटं कशाला बोलू.
मी पर्चेसमधला माणूस,
उशिरा आलेल्या मालाला दंड लावणं माझं काम.
आणि इथे, ज्याचं नाव ठाऊक नाही,
जो कदाचित अजून घरी दाढीच करतोय,
त्याच्यासाठी आम्ही गुडघ्याला गुडघा लावून थांबलेलो.
कॅन्टीनात पोळ्या लाटणाऱ्या ठकूबाई
मेथीची जुडी मांडीवर घेऊन निवडायलाच लागल्या.
आयटीआयच्या पोराने ड्रॉइंगची गुंडाळी
रिक्षाबाहेर धरलेली, तोफेसारखी.
शरणपूरच्या एस्तेर सिस्टर
बसल्या बसल्या झोपलेल्या.

शेवटी एक जण पळत आला.
कुणी त्याला काही बोललं नाही.
ठकूबाई जरा सरकल्या.
सरकायला जागा नव्हती, तरी सरकल्या.

पन्नासची नोट मागून निघाली,
माझ्या हातातून, पोराच्या हातातून पुढे बाळनाथकडे,
आणि वेदमंदिराच्या आसपास
तीस रुपये त्याच वाटेने परत.
मी मोजले. सवय.
बरोबर होते.

मान अवघडते. घाम आपला कुठला
आणि शेजाऱ्याचा कुठला, कळत नाही.
एबीबीला बाळनाथ अचानक वळतो
तेव्हा पाची जण एकदम डावीकडे जातो,
एकच शरीर असल्यासारखे,
आणि सिस्टर झोपेतच "सॉरी" म्हणतात.
माझ्या मांडीवरचा डबा
पँटमधून ऊब देत राहतो.
इतकी वर्षं तो गरम असायचा, हे मला माहीत नव्हतं.

मुनाफचा फोन आला नवव्या दिवशी : गाडी तयार.
म्हटलं, राहू दे दोन दिवस.
पंधराव्या दिवशी तोच घरी सोडून गेला,
जागा अडते म्हणाला.
ती आता पार्किंगमध्ये आहे.
पाय मुरगळला त्या आठवड्यात काढलीही,
सुखाने गेलो, गार हवेत,
रेडिओवरच्या माणसाने दोनदा विचारलं, कसे आहात नाशिककर,
आणि मी उत्तर दिलं नाही.

काल उशीर झाला.
गॅस संपला, मग किल्ली सापडेना,
रामवाडीच्या पुलावर नऊ दहा.
म्हटलं, गेली असणार.
अशोक स्तंभावरून धापा टाकत आलो तर
कोपऱ्यावर रिक्षा तशीच,
आत चौघं, घड्याळ बघणारी,
आणि तो किडकिडीत माणूस ओरडतोय,
"एक सीट, एक सीट,"
घसा बसलेला.

मला बघून तो थांबला.
चार डोकी एकदम बाहेर आली.
माझ्या येण्याने
या शहरात कुणाचा चेहरा असा उजळल्याचं
बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"या," ठकूबाई म्हणाल्या,
आणि सरकल्या.